रॅस्कल्झचा नकार आणि कॅनेडियन हिप-हॉपची वाटचाल

२२ मार्च १९९८ रोजी व्हँकुव्हरच्या जनरल मोटर्स प्लेसमध्ये जुनो पुरस्कारांचा सोहळा झाला. कॅनडाच्या संगीतविश्वात जुनोपेक्षा मोठा मान नाही. त्या वर्षी रॅप विभागात 'कॅश क्रॉप' या अल्बमची निवड झाली होती, आणि तो करणारा रॅस्कल्झ हा गट त्याच शहरातला. घरच्या अंगणात सत्कार, तोही आपल्या माणसांसमोर. रॅस्कल्झने तो घेतला नाही.

कारण साधं होतं. रॅपचा पुरस्कार टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या मुख्य कार्यक्रमात नव्हताच; कॅमेऱ्याबाहेरच्या भागात तो देऊन मोकळं व्हायचं असं ठरलं होतं. रेगे, आर अँड बी, रॅप हे सगळं कृष्णवर्णीयांचं संगीत आहे, सोहळ्यात त्याला खरी जागा नाही, आणि जागा न देता दिलेला पुरस्कार म्हणजे तोंडदेखला मान, अशी भूमिका गटाने जाहीरपणे मांडली.

कॅनेडियन हिप-हॉपच्या इतिहासात या प्रसंगाचा उल्लेख हमखास होतो. पण बहुतेक वेळा तो काही तरुणांच्या रागाचा किस्सा म्हणून सांगितला जातो आणि त्यामागची वीस-पंचवीस वर्षं गळून पडतात. खरी गोष्ट त्या वर्षांत आहे.

१९५५ पासून कॅनडा सरकारने एक योजना राबवली. तिच्याखाली जमैका, बार्बाडोस आणि इतर कॅरिबियन बेटांवरच्या तरुण स्त्रियांना घरकामासाठी आणलं जाई आणि काही काळ काम केल्यावर त्यांना कायम राहता येई. १९६७ मध्ये गुणांवर आधारलेली स्थलांतर पद्धत आली, वंश पाहून माणसं निवडण्याचा जुना रिवाज कायद्यातून गेला, आणि टोरोंटोत कॅरिबियन वस्ती झपाट्याने वाढली. त्याच वर्षी तिथे 'कॅरिबाना' हा उत्सव सुरू झाला. या लोकांनी येताना साउंड सिस्टिमची परंपरा सोबत आणली: भलेमोठे स्पीकर, रेकॉर्ड लावणारा एक, आणि माइकवर तालात बोलणारा दुसरा. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ साली ज्याच्या पार्टीतून हिप-हॉपचा उगम मानतात, तो डीजे कूल हर्कही जमैकातच जन्मला होता. त्यामुळे टोरोंटोतल्या मुलांना रॅप ऐकून नवल वाटलं असेल, पण परकं वाटण्याचं कारण नव्हतं.

टोरोंटोत हे संगीत आधी पोचवलं ते विद्यार्थ्यांच्या रेडिओने. रायर्सन या शिक्षणसंस्थेच्या सीकेएलएन या केंद्रावर रॉन नेल्सन यांनी १९८३ मध्ये 'फँटॅस्टिक व्हॉयेज' हा कार्यक्रम सुरू केला, आणि शहरातल्या रॅपर्सना पहिल्यांदा हक्काचं ठिकाण मिळालं. जमैकात जन्मलेली मिची मी आणि तिचा साथीदार एल. ए. लव्ह यांना १९८८ मध्ये अमेरिकन लेबलने करारबद्ध केलं. पुढच्या वर्षी माएस्ट्रो फ्रेश-वेसचं 'लेट युअर बॅकबोन स्लाइड' आलं आणि विक्रीत 'गोल्ड' ठरलं; कॅनेडियन हिप-हॉपमध्ये हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. १९९१ मध्ये जुनोने रॅपसाठी वेगळा विभाग केला आणि पहिला मान माएस्ट्रोला दिला. त्याच वर्षी ड्रीम वॉरियर्स या गटाचा पहिला अल्बम आला. त्यांच्या गाजलेल्या गाण्यातला क्विन्सी जोन्सच्या 'सोल बोसा नोव्हा'चा तुकडा कॅनडातल्या घराघरांत ओळखीचा होता, कारण 'डेफिनिशन' नावाच्या टीव्हीवरच्या शब्दखेळाचं ते शीर्षकसंगीत होतं. स्थलांतरितांच्या मुलांनी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यातलीच धून उचलून तिच्यावर आपले शब्द चढवले. असा उचललेला तुकडा म्हणजे सॅम्पल; त्या काळातलं मला सर्वात आवडणारं सॅम्पल हेच.

आणि मग सगळं थंडावलं. पुढची सहा-सात वर्षं एकही कॅनेडियन हिप-हॉप गाणं मोठं हिट झालं नाही. कलाकार होते. घेटो कन्सेप्टने १९९५ आणि १९९६ असे सलग दोन जुनो घेतले, चोक्लेअरने १९९७ चा घेतला. पण पुरस्कारापलीकडे हे संगीत जाणार कुठे?

इथे रेडिओची व्यवस्था समजून घ्यावी लागते. कॅनडात प्रसारणाचं नियमन सीआरटीसी ही संस्था करते. अमेरिकेच्या शेजारी राहून आपलं संगीत बुडू नये म्हणून १९७१ पासून तिने रेडिओ केंद्रांवर ३० टक्के गाणी कॅनेडियन वाजवण्याचं बंधन घातलं. 'कॅनकॉन' या नावाने ओळखला जाणारा हा नियम अनेक रॉक आणि पॉप कलाकारांच्या कामी आला. रॅपर्सच्या पदरात मात्र त्यातून फारसं काही पडलं नाही, कारण रॅप वाजवणारं व्यावसायिक केंद्रच देशात नव्हतं. रॉक केंद्राने आपला वाटा रॉकने भरला, कंट्री केंद्राने कंट्रीने. टोरोंटोतले श्रोते सरहद्दीपलीकडच्या बफेलोचं डब्ल्यूबीएलके लावून बसत. त्यावर अमेरिकेतलं सगळं ऐकू येई, आपल्या गल्लीतलं काही नाही.

१९९० मध्ये जमैकात जन्मलेले टोरोंटोतले उद्योजक डेनहॅम जॉली यांच्या माइलस्टोन कंपनीने कृष्णवर्णीय संगीतासाठी एफएम परवाना मागितला. सीआरटीसीने ती फ्रिक्वेन्सी, म्हणजे प्रसारणाची लहर, एका कंट्री केंद्राला दिली. पुढच्या खेपेला १९९७ मध्ये उपलब्ध फ्रिक्वेन्सी सीबीसी या सरकारी प्रसारण संस्थेकडे गेली. १९९८ मधला रॅस्कल्झचा राग या नकारांच्या पाठोपाठ आलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

व्हँकुव्हरची स्थिती याहून एकाकी. टोरोंटोपासून विमानाने तीन हजारांहून अधिक किलोमीटर आणि घड्याळात तीन तास मागे. संगीताचा धंदा, लेबलं, मचम्युझिक ही संगीतवाहिनी, सगळं तिकडे. शहरातल्या कृष्णवर्णीयांची लोकसंख्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. स्ट्रॅथकोना भागात हॉगन्स अ‍ॅली ही त्यांची जुनी वस्ती होती; जिमी हेंड्रिक्सची आजी नोरा हेंड्रिक्स याच भागात राहायची. १९७० च्या सुमारास उड्डाणपुलांसाठी ती वस्ती पाडली गेली, आणि त्यानंतर त्या समाजाचा असा एक मोहल्ला शहरात उरला नाही.

अशा ठिकाणी १९८०चं दशक संपता संपता हा गट जमला. तेव्हाचं नाव रॅगामफिन रॅस्कल्झ. रेडवन आणि मिसफिट हे दोन रॅपर, बीट आणि टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवण्याचं यंत्र) सांभाळणारा डीजे केमो, आणि झेब्रॉक व डेडोस हे दोन ब्रेकडान्सर. दोघे नाचणारे भाड्याने आणलेले नव्हते, गटाचे पूर्ण सभासद होते. ९०च्या दशकात धंद्याला फक्त रॅपरचा चेहरा हवा होता. डीजे मागे ढकलला गेला होता, बी-बॉय, म्हणजे ब्रेकडान्स करणारे, तर जवळपास दिसेनासे झाले होते. तेव्हा रॅस्कल्झ मंचावर आले की शब्द, बीट आणि नाच एकत्र येत. लहान शहरात वेगवेगळे कंपू करून भागत नाही, जे आहेत त्यांनी एकमेकांना धरून राहावं लागतं. ही सवय पुढे त्यांच्या फार कामी आली.

९०च्या दशकाच्या सुरुवातीला 'रिअली लिव्हिन' हा पहिला अल्बम आला आणि १९९७ मध्ये 'कॅश क्रॉप'. त्यातलं 'ड्रेडेड फिस्ट' मचम्युझिकवर चांगलं चाललं. व्यवस्थापक सोल गाय हा त्यांच्याच वयाचा आणि त्यांच्यातलाच, त्यामुळे निर्णय बाहेरून लादले जात नव्हते. जुनो नाकारण्याचं धाडस यातूनही आलं असं मला वाटतं. ज्यांची रोजी लेबलच्या मर्जीवर चालते, त्यांना असं पाऊल परवडत नाही.

नकाराच्याच वर्षी 'नॉर्दर्न टच' गाजलं. 'कॅश क्रॉप'च्या पहिल्या आवृत्तीत हे गाणं नव्हतं, नंतरच्या आवृत्तीत घातलं गेलं. रॅस्कल्झने त्यात चार पाहुणे बोलावले: व्हँकुव्हरचा चेकमेट, आणि टोरोंटोचे कार्डिनल ऑफिशॉल, थ्रस्ट व चोक्लेअर. बीट केमोचा. ७०च्या दशकातल्या बी. टी. एक्सप्रेस या अमेरिकन फंक बँडचा एक तुकडा त्याने असा फिरवला आहे की पहिल्या दोन सेकंदांत गाणं ओळखू येतं. त्यावर एकेक जण येतो, आपलं कडवं टाकतो आणि पुढच्याला जागा देतो. कार्डिनल आणि रेडवनच्या बोलण्यात पॅट्वा या जमैकन बोलीचा लहेजा आहे, तो कुठेही घासून पुसून अमेरिकन केलेला नाही. थ्रस्टचा आवाज जड, चोक्लेअरची लय सैल आणि बेफिकीर. आम्ही उत्तरेचे आहोत आणि कुणाची नक्कल करत नाही, एवढंच गाण्याचं सांगणं. पण तोवर हे इतक्या मोठ्याने आणि एका सुरात कुणी म्हटलं नव्हतं.

१९९१ नंतर मुख्य प्रवाहात खऱ्या अर्थाने गाजलेलं पहिलं कॅनेडियन हिप-हॉप गाणं ते हेच. मचम्युझिकने ते उचलून धरलं. त्याहून मोलाचं म्हणजे, दोन टोकांच्या दोन शहरांना आपण एकाच चळवळीत आहोत याची जाणीव झाली. तोवर टोरोंटो स्वतःलाच सगळा देश समजत होतं.

गाण्यात जे नाही त्याचीही नोंद घ्यायला हवी. त्यात एकही स्त्री नाही, आणि या देशात वाट पाडणाऱ्यांत मिची मी आघाडीवर होती. क्युबेकही नाही. माँट्रियलमध्ये फ्रेंच रॅपचं वेगळं जग उभं राहत होतं. डुबमॅटिक या गटाच्या १९९७ च्या अल्बमने प्लॅटिनम विक्री गाठली होती आणि इंग्रजी भाषकांना त्याची खबरही नव्हती. 'राष्ट्रगीत' म्हणून 'नॉर्दर्न टच'चं कौतुक होतं तेव्हा हे राष्ट्र अर्धंच होतं, हे मान्य करूनच ते करावं.

जुनोने माघार घेतली. १९९९ मध्ये रॅपचा पुरस्कार मुख्य सोहळ्यात आला. तो मिळाला 'नॉर्दर्न टच'ला, आणि रॅस्कल्झने सगळ्या साथीदारांसह त्याच मंचावर ते सादर केलं. आदल्या वर्षी बहिष्कार टाकणारा गट लगेच पुढच्या वर्षी गायला कसा उभा राहिला, असा प्रश्न काही जण विचारतात. मला त्यात विसंगती दिसत नाही. त्यांची मागणी जागेची होती, आणि जागा मिळाल्यावर ती भरून दाखवणं हे त्याच मागणीचं पुढचं पाऊल होतं.

त्यानंतरची दारं भराभर उघडली. चोक्लेअरच्या 'आइस कोल्ड'ला २००० चा जुनो मिळाला. २००१ मध्ये तो व्हँकुव्हरच्याच स्वोलन मेंबर्सकडे गेला. माइलस्टोनला अखेर परवाना मिळाला आणि २००१ मध्ये टोरोंटोत फ्लो ९३.५ सुरू झालं, पहिल्या अर्जानंतर अकरा वर्षांनी. पाठोपाठ व्हँकुव्हर आणि कॅलगरीतही अशी केंद्रं आली. हे सगळं एका गाण्यामुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. जॉलींचा लढा रॅस्कल्झच्या आधीपासून चालू होता. पण या संगीताला ऐकणारे आहेत कुठे, असं विचारणाऱ्यांना आता दाखवायला एक उत्तर होतं.

रॅस्कल्झचं स्वतःचं काय झालं? १९९९ मध्ये 'ग्लोबल वॉर्निंग' आला. त्यातलं 'टॉप ऑफ द वर्ल्ड' रेगे गायक बॅरिंग्टन लेव्ही आणि तेव्हा फारसा माहीत नसलेला के-ऑस यांच्यासोबत आहे. के-ऑस पुढे स्वतःच्या बळावर मोठा झाला. २००२ च्या 'रीलोडेड'नंतर गट हळूहळू शांत झाला. पाहुण्यांपैकी कार्डिनलचं 'डेंजरस' २००८ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. ज्यांनी दार ढकललं त्यांच्यापेक्षा मागून आलेल्यांना जास्त मिळालं, आणि याचं मला वाईट वाटतं. आज रॅपचा विषय निघाला की कॅनडा म्हणजे टोरोंटोचा रॅपर ड्रेक एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. रॅस्कल्झचं नाव जुन्या श्रोत्यांपुरतं उरलं आहे. २०१८ मध्ये गाण्याला वीस वर्षं झाली तेव्हा जुनो व्हँकुव्हरमध्येच होता आणि सगळ्या साथीदारांनी मिळून ते पुन्हा सादर केलं. नव्या पिढीतल्या अनेकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

जुनोशी असलेलं भांडण मात्र १९९९ मध्ये मिटलं नाही. २०११ च्या सोहळ्याचं सूत्रसंचालन ड्रेकने केलं. त्याला सहा नामांकनं होती, हाती एकही पुरस्कार लागला नाही. अनेक रॅपर्सना ते जुन्याच दुर्लक्षाचं नवं रूप वाटलं. २०२२ मध्ये रॅपच्या अल्बमचा जुनो हेविया माइटीला मिळाला. या विभागात अल्बमसाठी जिंकणारी ती पहिली स्त्री. रॅपचा विभाग सुरू होऊन तोवर तीस वर्षं उलटून गेली होती.

२०२४ मध्ये हॅलिफॅक्सच्या सोहळ्यात करण औजलाने पंजाबीत गाऊन चाहत्यांच्या मतांवर दिला जाणारा जुनो घेतला. लुधियाना जिल्ह्यातून किशोरवयात ब्रिटिश कोलंबियात आलेला हा कलाकार रॅस्कल्झच्याच प्रांतातला. 'तौबा तौबा'मुळे आपल्याकडे तो घराघरांत माहीत आहे. त्याला थेट रॅस्कल्झचा वारसदार म्हणणं बरोबर होणार नाही. त्याचं संगीत वेगळ्या वाटेने आलं आणि त्याला रेडिओच्या परवान्यासाठी थांबावं लागलं नाही, इंटरनेट हाताशी होतं. पण त्याने गायलं ते मुख्य मंचावर, टीव्हीवरच्या कार्यक्रमात.