डोंगरापलीकडचा व्हर्जिनिया

अमेरिकेच्या नकाशावर सरळ रेघांनी आखलेली राज्यं बरीच आहेत. वेस्ट व्हर्जिनिया त्यातलं नाही. त्याची एक चिंचोळी पट्टी उत्तरेला ओहायो आणि पेनसिल्व्हेनियाच्या मधे घुसली आहे, दुसरी पूर्वेला वॉशिंग्टनच्या दिशेने लांब गेली आहे. क्षेत्रफळ सुमारे ६२,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम पाचवा हिस्सा. अख्खं राज्य अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या प्रदेशात मोडतं. असं दुसरं राज्य अमेरिकेत नाही. काउंट्या, म्हणजे जिल्हे, ५५, राजधानी चार्ल्स्टन, सर्वांत उंच शिखर १,४८२ मीटरचं स्प्रूस नॉब.

१८६३ पर्यंत हे राज्य अस्तित्वातच नव्हतं. हा सगळा मुलूख व्हर्जिनियाचा. पण डोंगराच्या दोन बाजूंचं एकमेकांशी कधी जुळलं नाही. पूर्वेला गुलामांच्या कष्टावर चालणारे मोठे मळे, आणि व्हर्जिनियाच्या राजधानीतली, रिचमंडमधली सत्ताही मळेवाल्यांकडे. पश्चिमेला उतारावरची लहान शेती. गुलाम होते, पण थोडे. इथल्या बहुतेक नद्या ओहायो नदीला मिळतात, त्यामुळे माल जायचा तोही तिकडेच. मळेवाल्यांना गुलामांवरच्या करात सवलत आणि आमच्या गुराढोरांवर मात्र पुरा कर, ही पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार होती, आणि ती खरीही होती.

१७ एप्रिल १८६१ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, रिचमंडच्या अधिवेशनाने संघराज्यातून फुटण्याचा ठराव केला. वायव्येकडचे बहुतेक प्रतिनिधी विरोधात होते. ते घरी परतले आणि व्हीलिंग शहरात सभा भरू लागल्या. अडचण राज्यघटनेची होती: मूळ राज्याच्या संमतीशिवाय त्याचे तुकडे पाडता येत नाहीत. व्हीलिंगवाल्यांनी यातून मार्ग काढला तो असा. रिचमंडचे लोक बंडखोर झाले, तेव्हा व्हर्जिनियाचं खरं सरकार आता आम्हीच, असं त्यांनी जाहीर केलं, फ्रान्सिस पिअरपाँट यांना गव्हर्नर नेमलं आणि याच सरकारने व्हर्जिनियाच्या विभाजनाला संमती दिली. कायद्याच्या दृष्टीने मला हे ओढूनताणूनच वाटतं. राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या मंत्र्यांनाही वाटलं असावं, कारण सल्ला विचारल्यावर तिघांचं मत बाजूने आणि तिघांचं विरोधात पडलं. ३१ डिसेंबर १८६२ रोजी लिंकननी सही केली. अट एकच: नव्या राज्याने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवायची. ती मान्य झाली आणि २० जून १८६३ रोजी वेस्ट व्हर्जिनिया संघराज्याचं ३५ वं राज्य झालं.

सगळ्यांना मात्र ते हवं नव्हतं. दक्षिणेकडच्या कितीतरी काउंट्यांमधले तरुण बंडखोरांच्या फौजेत होते. पूर्वेकडच्या पट्टीतून बाल्टिमोर-ओहायो रेल्वे जायची. युद्धात ती संघराज्याच्या हाती राहावी म्हणून ती पट्टी नव्या राज्यात हवी होती. तिथल्या दोन काउंट्यांवर व्हर्जिनियाने पुढे दावा लावला आणि १८७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला.

नव्या राज्याने लॅटिनमध्ये बोधवाक्य घेतलं: डोंगरवासी सदैव स्वतंत्र. पुढच्या साठ वर्षांत हे शब्द फार महाग पडले. रेल्वे दऱ्यांमध्ये शिरली आणि तिच्यामागून कोळसा कंपन्या आल्या. कित्येक शेतकऱ्यांनी जमिनीखालच्या खनिजाचे हक्क कवडीमोलाने विकले. वरचं शेत त्यांचं, पोटातला कोळसा बाहेरच्यांचा. खाणकामगाराचं घर कंपनीचं आणि दुकानही कंपनीचंच. मजुरी अनेकदा स्क्रिपमध्ये मिळायची: पैशाएवढी धातूची चकती, तिच्यावर कंपनीचं नाव, मधे कोरून काढलेली खूण. ती चालायची फक्त कंपनीच्या दुकानात. ६ डिसेंबर १९०७ रोजी मॉनन्गाच्या खाणीत स्फोट झाला. सरकारी आकड्यानुसार ३६२ माणसं गेली. अमेरिकेतला तो आजवरचा सर्वांत भीषण खाण अपघात. मेलेल्यांमध्ये इटलीतून आलेले पुष्कळ होते.

संघटनेत गेलेल्या कामगाराला बायकामुलांसकट घराबाहेर काढत. १९ मे १९२० रोजी मेटवन गावात अशीच घरं रिकामी करून निघालेल्या कंपनीच्या भाडोत्री माणसांशी गोळीबार झाला आणि दहा जण मेले. कामगारांच्या बाजूने उभा राहिलेला तिथला पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड ऑगस्ट १९२१ मध्ये न्यायालयाच्या पायऱ्यांवर मारला गेला. मग सुमारे दहा हजार खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून ब्लेअर माउंटनकडे निघाले. गोरे, काळे, नुकतेच आलेले परदेशी, सगळे एकत्र. समोर शेरिफची माणसं मशीनगन घेऊन बसलेली, वरून खाजगी विमानांतून बॉम्ब. शेवटी केंद्राचं सैन्य आलं तेव्हा कामगारांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांच्यातले अनेक जण पहिल्या महायुद्धात लढून आलेले होते. स्वतःच्या देशाच्या सैन्यावर ते बंदूक उचलायला तयार नव्हते. मला या साऱ्या इतिहासातला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो.

खाण कामगारांची संघटना दक्षिणेकडच्या या खोऱ्यांत पक्की झाली ती १९३३ नंतर. पण दोन दशकांत खाणीत यंत्रं आली आणि माणसांची गरजच घटली. १९५० मध्ये राज्याची लोकसंख्या वीस लाखांवर होती. २०२० मध्ये १७,९३,७१६. त्यापायी अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातली तीनपैकी एक जागाही गेली.

ब्लेअर माउंटनच्या रणभूमीची नोंद २००९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. त्या डोंगरात कोळसा आहे. काही महिन्यांतच नाव यादीतून काढलं गेलं, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०१८ मध्ये नाव पुन्हा यादीत लागलं.