पुनरुज्जीवन-नकार : प्रतिमाचित्रण कक्षातील

हृदय वा श्वसन बंद पडल्यास छातीदाब, विद्युत्-धक्का, श्वासनलिकेत नळी हे उपाय करू नयेत, अशी रुग्णाची नोंदलेली इच्छा (रूढ नाव डीएनआर, म्हणजे ‘डू नॉट रिससिटेट’) सीटी, एमआरआय वा अँजिओग्राफीच्या वेळी पाळण्याची रीत.

बाह्य छातीदाब कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून प्रसिद्ध केला. लेखी नकाराचा आरंभ बहुधा १९७६ पासून, म्हणजे बॉस्टनच्या दोन रुग्णालयांनी आपली धोरणे छापली तेव्हापासून धरतात. मात्र असाध्य आजाराच्या अखेरीस पुनरुज्जीवन करू नये व तसे केसपेपरवर लिहावे, हे १९७४ च्या अमेरिकी मानकांत आलेच होते. तेव्हा तो मान त्या मानकांना देणे अधिक सयुक्तिक.

खरा वाद तपासणीनेच ओढवलेल्या संकटाचा आहे. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टची (प्रतिमेत अवयव उठून दिसावेत म्हणून सुईने टोचलेल्या द्रव्याची) तीव्र प्रतिक्रिया विरळ असते : कातायामा व सहकाऱ्यांच्या जपानमधील पाहणीत (१९९०) आयनी (विद्युत्भारित कणांत फुटणाऱ्या) द्रव्यांनी ०·२२ टक्के, अनायनी द्रव्यांनी ०·०४ टक्के. नकार रोगाच्या ओघात येणाऱ्या मृत्यूपुरता असतो, सुईने घडवलेल्या मृत्यूला तो लागू नाही, असा एक पक्ष. अमेरिकेतील एका पाहणीत (१९९९) उपचाराने, विशेषतः चुकीने, हृदय थांबले असता नकार डावलण्यास डॉक्टर अधिक राजी दिसले. यात रुग्णाच्या इच्छेपेक्षा डॉक्टरांची अपराधभावना अधिक बोलते, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. अमेरिकी भूलतज्ज्ञ संघटनेने १९९३ मध्ये घेतलेली भूमिका जास्त टिकाऊ वाटते : नकार आपोआप स्थगित होत नाही, प्रक्रियेपूर्वी रुग्णाशी बोलून तो कायम, मर्यादित वा तात्पुरता मागे, हे ठरवून लिहावे. शिवाय हृदय चालू असताना प्रतिक्रियेवर दिलेले अॅड्रेनॅलीन हे पुनरुज्जीवन नव्हे. डीएनआर पाहून ते रोखणे ही सरळ चूकच.

एमआरआयमध्ये रुग्णाला आधी चुंबकाच्या खोलीबाहेर काढतात, कारण साधा ऑक्सिजन सिलिंडरही आत खेचला जातो. चुंबकातील हीलियम सोडून क्षेत्र घालवण्यास मिनिटाहून अधिक वेळ जाऊ शकतो, म्हणून तो मार्ग टाळतात. नकाराचा कागद हाती नसेल तर छातीदाब सुरू करतात. खात्रीचा नकार मिळताच थांबवता येतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय निर्देश (पुढे निर्णय घेता न आल्यास कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणे) मान्य केले व जानेवारी २०२३ मध्ये त्यांची प्रक्रिया सुलभ केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २०२० ची. त्यांनुसार नकार पुनरुज्जीवनापुरता, इतर उपचार चालूच. गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती म. श. सोनक यांनी आपला निर्देश नोंदवला.