मळीची जमीन नदीनं कापली? जुनी हद्द दाखवायला काय काय कागद लागतात

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी भागात कृष्णा-दूधगंगेच्या काठाला ज्यांची मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, आहे त्यांना २००५ आणि २०१९ चे पूर काय करून गेले ते सांगायला नको, उताऱ्यावर क्षेत्र अजून तेवढंच आणि शेतात जाऊन बघावं तर काठ आत सरकलेला. मग जुनी हद्द कुठं होती ते कागदावर कसं दाखवायचं?

गावचा नकाशा कर्नाटकच्या भूमापन खात्याच्या वेबसाइटवर फुकट मिळतोय, जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव निवडा आणि पीडीएफ घ्या, त्याला खातेदार असायची गरज नाही. पण लोक इथंच थांबतात. हा नकाशा साधारण १:७९२० स्केलचा, म्हणजे एका इंचात ६६० फूट, नुसत्या रेघेच्या जाडीतच दहा-बारा फूट जातात आणि बांधाचं भांडण बहुतेक तेवढ्याच जागेचं असतं.

खरा कागद टिपण, म्हणजे जुन्या सर्व्हेतली मोजणीची नोंद. मुंबई इलाख्याच्या सर्व्हेत ३३ फुटी साखळीनं नंबर मोजलेत, एका साखळीचे १६ आणे, ती मापं टिपणात असतात. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच, त्यामुळं जुना कागद मराठीत निघतो, कधी मोडीत, तेव्हा मोडी वाचणारा एखादा माणूस आधीच गाठून ठेवा. टिपण आणि आकारबंद (प्रत्येक सर्व्हे नंबरचं क्षेत्र आणि आकार लिहिलेला कागद) दोन्हीच्या सर्टिफाइड नकला मागा, तालुक्याच्या भूमापन ऑफिसात नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये, जुनी कागदपत्रं स्कॅन करायच्या सरकारच्या भूसुरक्षा योजनेत स्कॅन झालं असेल तर ऑनलाइन पण मिळतं. मोबाइलवर काढलेला फोटो पुढं कामाला येत नाही.

मग हद्दबस्तचा, म्हणजे सरकारी मोजणी करून हद्द ठरवून घ्यायचा अर्ज, नाडकचेरीत (होबळीच्या महसूल ऑफिसात) किंवा मोजिणी या भूमापन खात्याच्या वेबसाइटवर ऑनलाइन. हा मात्र खातेदारानंच करायचा, उताऱ्याच्या ९ नंबर कॉलमात नाव पाहिजे. वडील वारलेत आणि नाव अजून त्यांचंच असेल तर आधी वारसा नोंद करून घ्या, नाहीतर अर्ज तिथंच अडकतो. सोबत चालू उतारा, आधार आणि फीची पावती. उतारा कन्नडमध्ये असतो, त्यातलं नाव आधारशी जुळतंय का हे कन्नड वाचणाऱ्याकडून बघून घ्या, एका अक्षरानं हेलपाटे वाढतात बघा.

शेजाऱ्यांना नोटीस जाते, ते हजर राहिले तर बरं. आणि तारीख शक्यतो उन्हाळ्यातली मागा, पाणी उतरल्याशिवाय सर्व्हेअर साखळी धरणार कुठं?

मोजणी झाली म्हणजे पात्रात गेलेली जमीन परत मिळाली असं नाही हं, कर्नाटकच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम ६७ प्रमाणं नदीचं पात्र सरकारचं. पण काठावर उरलेलं तुमचं किती आणि शेजाऱ्याचं किती, हे हद्दबस्तच्या स्केचवरून ठरतं.