होकायंत्राला चकवणारी बोट

मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी कपाटाशेजारी धरून घराचा ईशान्य कोपरा ठरवला जातो. सापडलेला ईशान्य बऱ्याचदा त्या कपाटाने ठरवलेला असतो! घरात याने काही बिघडत नाही, समुद्रात बिघडतं.

सुईची चूक दोन ठिकाणांहून येते. पहिली चुंबकीय दिक्पात, म्हणजे व्हेरिएशन: खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला कोन. तो जागेनुसार आणि काळानुसार बदलतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये तो सुमारे २४ अंश पश्चिम होता, २०१९ मध्ये ग्रिनिचला शून्यावर आला. सागरी नकाशावरच्या दिशाचक्रात तो सालासकट छापलेला असतो. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर तो एक अंशाहूनही कमी आहे. म्हणूनच ‘इथे होकायंत्र बरोबरच दाखवतं’ असा समज पसरतो.

दुसरी चूक बोटीची स्वतःची: विचलन, म्हणजे डेव्हिएशन. इंजिन, स्पीकर, विजेच्या तारा यांचं चुंबकत्व बोटीबरोबर फिरतं. पृथ्वीचं फिरत नाही. अलिबागला पृथ्वीचं क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्र साधारण ३८ मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). समजा, होकायंत्रापाशी बोटीचं क्षेत्र ४ मायक्रोटेस्ला आहे आणि ते नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, रोखलेलं आहे. बोट उत्तरेला निघाली तर दोन्ही क्षेत्रं एकाच दिशेला, चूक शून्य. पूर्वेला वळली की बोटीचं क्षेत्र सुईला आडवं खेचतं: ४ भागिले ३८ या गुणोत्तराचा कोन साधारण ६ अंश, म्हणजे ६ अंश पूर्व. पश्चिमेला तेवढंच पश्चिम. दक्षिणेला पुन्हा शून्य, पण उरतात ३४, म्हणून सुई सुस्तावते. त्यामुळे ‘आमच्या होकायंत्रात ६ अंशांचा फरक आहे’ या वाक्याला अर्थ नाही. कुठल्या दिशेला जाताना, ते सांगा. ६ अंश म्हणजे १० सागरी मैलांत सुमारे १ मैल बाजूला.

म्हणून कुठल्या रोखाला किती विचलन, याचा तक्ता करायचा. त्याला शांत पाणी हवं आणि सगळं सामान नेहमीच्या जागी. नकाशावर एका रेषेत येणाऱ्या दोन खुणा निवडा, ४५-४५ अंशांनी वळत आठ दिशांनी ती रेषा ओलांडा, दर वेळी होकायंत्रावर खुणांची दिशा वाचा. रेषेची चुंबकीय दिशा ०४० आणि वाचन ०३४ आलं, तर विचलन ६ पूर्व. होकायंत्राच्या वाचनावरून चुंबकीय दिशा काढताना पूर्व मिळवायचं, पश्चिम वजा करायचं. नवशिके खुणेच्या दिशेने तक्ता वाचतात. तो बोटीच्या रोखाने वाचायचा असतो.

जीपीएस असलं तरी होकायंत्र लागतंच: जीपीएस बोट कुठे सरकतेय ते सांगतं. प्रवाहात नाळेचा रोख वेगळा असू शकतो.

होकायंत्राजवळून जाणाऱ्या डीसी (बॅटरीच्या) तारांची जोडी पिळून घ्या, म्हणजे दोघींची क्षेत्रं एकमेकींना खोडतात. इंजिन बदललं किंवा वेल्डिंग केलं, तर तक्ता नव्याने करा.