वर्षाचा कुत्रा गाडीला जुंपता येतो, हा गैरसमज
बर्नीज माउंटन डॉगसारखा थोराड कुत्रा वर्षाचा झाला की खुशाल गाडीला जुंपा, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. स्वित्झर्लंडमध्ये हे कुत्रे दुधाच्या गाड्या ओढत, हे खरं; पण मोठ्या जातींच्या हाडांची वाढ दीड-दोन वर्षं चालते. तोवर ओझं नकोच!

शिकवणी मात्र आधी सुरू करावी. नुसता साज चढवून फिरवा, मग मागे रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधा. खडखडाटाची भीती इथेच मोडते. घाई केली तर कुत्रा बिथरून पळतो आणि गाडी त्याच्याच मागच्या पायांवर आदळते. छातीपट्टा गळ्याच्या खाली, पण खांद्याच्या सांध्याच्या वर हवा. खाली घसरला तर पुढचे पाय अडतात. गाडीतलं सामान चाकांच्या आसावर असं तोला, की कुत्र्याच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या दांड्या दोन बोटांनी उचलल्या जाव्यात.