रोमाजी हेपबर्न यांनी शोधली नाही

जपानी भाषा रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत, म्हणजे रोमाजी, मिशनरी डॉक्टर जेम्स हेपबर्न यांनी शोधली, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. जेझुइट या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांनी १५९१ मध्येच रोमन लिपीत जपानी पुस्तक छापलं होतं. तो छापखाना गोव्यामार्गे तिकडे गेला होता!

हेपबर्न आणि पत्नी क्लारा १८५९ मध्ये जपानमधल्या कानागावाला आले. धर्मप्रचाराला बंदी होती, म्हणून दवाखाना, क्लाराबाईंची शाळा आणि जपानी-इंग्रजी शब्दकोश. कोशाच्या १८६७ च्या पहिल्या आवृत्तीत ‘सु’ हा उच्चार ‘एस-झेड’ (sz) असा लिहिला होता. आजची रूपं १८८६ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत आली. ‘ये’च्या (ye) जागी ‘ए’ (e) तेव्हाच आला. पण ती पद्धत रोमाजी-काई मंडळाने १८८५ मध्ये ठरवलेली. हेपबर्न यांच्या कोशाने ती घरोघरी नेली.