फुटबॉलवर ताणलेला दोरा

मावशी लेकीकडे न्यूयॉर्कला जाऊन आली, तेव्हापासून एक शंका तिच्या मनात घर करून होती. सीटसमोरच्या पडद्यावर तिनं विमानाची वाट बघितली होती. "अमेरिका पश्चिमेला, आणि आमचं विमान वर आइसलँडकडनं गेलं. एवढा वळसा कशाला?"

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरात फुटबॉल शोधावा लागत नाही. त्यावर पेनानं दोन ठिपके काढले: विषुववृत्ताच्या जरा वर मुंबई आणि जवळजवळ पलीकडच्या अंगाला, आणखी वर, न्यूयॉर्क. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरलं, दुसरं न्यूयॉर्कवरून ओढलं. आधी सैल दोरा आडवाच लोळत होता. ताणला तसा तो आपोआप वर सरकला आणि ध्रुवाच्या बाजूला जाऊन बसला. मावशीनं स्वतः दोनतीनदा ओढून बघितला. दर वेळी तो वरच गेला.

गोलावरची सगळ्यात जवळची वाट म्हणजे हा ताणलेला दोरा. मुंबई-न्यूयॉर्क अंतर असं मोजलं तर सुमारे १२,५०० किलोमीटर भरतं. ही वाट आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरते. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशांपैकी बरेच नकाशाकार मर्केटरनं १५६९ मध्ये आखलेल्या पद्धतीचे असतात. त्यावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि त्याच रेघेवरून विमान नेलं, तर १४,२०० किलोमीटर उडावं लागेल. म्हणजे 'सरळ' दिसणारी वाटच १,७०० किलोमीटरनं लांबची! कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर जेमतेम ३०० किलोमीटर, तिथं हा फरक जाणवतही नाही.

वेळेचं गणित मात्र अंतरावर सुटत नाही. पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला लवकर पोचायला हवं, असं अनेकांना वाटतं. पण कोल्हापूरची जमीन ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगानं फिरते, तशी तिच्यावरची हवाही सोबत फिरते आणि त्या हवेतलं विमानही. खरा फरक पडतो वाऱ्यानं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात.

समजा विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा १५० किलोमीटर. ३,००० किलोमीटर जायला वाऱ्याविरुद्ध ४ तास लागतील, वाऱ्यासोबत २ तास ५१ मिनिटं. वारा नसता तर येऊन-जाऊन ६ तास ४० मिनिटं लागली असती. आता ६ तास ५१. जाताना गेलेला वेळ येताना पुरता भरून निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेलं असतं. हे मला फार सुंदर वाटतं.

म्हणून रोजचा मार्ग आखताना त्या दिवशीचा वारा बघतात, आणि तो अनुकूल असेल तिकडं विमान दोऱ्यापासून बाजूलाही नेतात. मावशीला हे लगेच पटलं. परतताना पडद्यावरचा वेग ताशी हजाराच्या वर गेलेला तिला आठवत होता.